अमळनेर ते जळगाव: समुपदेशनाच्या अकरा सत्रांविषयी

जळगावातील एका समुपदेशन केंद्रात गेल्या जूनपासून डिसेंबरपर्यंत मी अकरा शनिवार जाऊन आले. पहिल्या भेटीचे ९०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक सत्राचे ७०० रुपये झाले, एक सत्र आयत्या वेळी रद्द केल्यामुळे त्याचे निम्मे म्हणजे ३५० रुपये भरावे लागले, आणि असे एकूण ८,२५० रुपये खर्ची पडले. प्रवासखर्च वेगळा, पण मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्याने तो फारसा जाणवला नाही. पैसे सार्थकी लागले का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला काही अटी आहेत, आणि केंद्राच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी जी वणवण झाली ती सांगितल्याशिवाय त्या अटी कोणाच्या ध्यानात यायच्या नाहीत. केंद्राचे नाव येथे देत नाही. ज्यांच्याविषयी पुढे तक्रार केली आहे त्यांची नावे मी गाळली आहेत, आणि तक्रार निनावी ठेवून कौतुक तेवढे नावानिशी करणे मला पटत नाही.

मी अमळनेर तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. भाऊ नोकरीनिमित्त सुरतेला असल्याने अर्धांगवायूनंतरची तीन वर्षे आई माझ्याकडेच होती, आणि माघात ती गेली. दिवसकार्य उरकेपर्यंत मी धडधाकट होते. त्यानंतर मात्र पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची ती उजाडेपर्यंत डोळा लागत नसे, छातीत धडधड व्हायची, आणि वीस वर्षे तोंडपाठ असलेली कविता वर्गात म्हणताना मध्येच पुढची ओळ हरवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भावाने गावचे घर उघडले होते. आमच्या खान्देशात हा सण दुहेरी आहे: याच दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर बसतात, आणि याच दिवशी घरातल्या पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आईच्या नावाची ती पहिलीच घागर होती. भावजयीने डांगर माझ्या हातात दिले आणि माझा हात वर उचलेना. कोणाला काही कळण्याआधी मी मागच्या दारी जाऊन बसले, आणि तेथेच मनाशी ठरवले की आता कोणाला तरी गाठलेच पाहिजे.

त्याआधी शरीराच्या तपासण्या झाल्या होत्या, आणि त्या कराव्यात असे मी प्रत्येकाला सांगेन. हृदयाचा आलेख, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व हे सर्व तपासून झाले होते. थायरॉइड बिघडले तरी धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नीट समजावले होते. अहवाल चांगले आल्यावर मात्र त्यांच्याजवळ ‘टेन्शन घेऊ नका’ याखेरीज सांगण्यासारखे काही राहिले नाही. मावशीने तिच्या परीने उतारा टाकला. मोठ्या जाऊबाईंनी स्वयंपाकघरात, मला ऐकू जाईल अशा बेताने, ‘ठाण्याला न्यायची वेळ आली का काय?’ असे विचारून घेतले. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आमच्या भागापासून दूर आहेत. त्यामुळे मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाणे म्हणजे गाव सोडून कोठेतरी लांब पाठवले जाणे, अशी समजूत येथे पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. जाऊबाईंचे वाक्य ज्याने ऐकले आहे त्याला त्या आकड्याचे नवल वाटणार नाही.

पहिली भेट झाली ती घरापासून फार दूर नसलेल्या एका बाईंशी. पाटीवर समुपदेशन, करिअर मार्गदर्शन, स्मरणशक्तीवर्ग आणि विवाहविषयक सल्ला असे सर्व काही एकाखाली एक लिहिलेले होते, आणि तेव्हाच मी परतायला हवे होते. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असूनही मला ‘बेटा’ म्हणत होत्या. मी आईविषयी पाच मिनिटे बोलले असेन, तोच त्यांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या निधनाची हकिगत सुरू केली आणि शेवटी मला रोज सकाळी आरशासमोर उभे राहून म्हणायची तीन वाक्ये लिहून दिली. इथवर मी समजून घेतले असते. परंतु आठवड्याभरात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी ‘आता बरं वाटतं का?’ असे डोळे बारीक करून विचारले, तेव्हा माझ्या भेटीची वार्ता माझ्याआधी शाळेत पोहोचली असल्याचे कळले. लहान गावात समुपदेशकाचे पहिले भांडवल म्हणजे त्याचे मिटलेले तोंड. त्यांच्या भिंतीवर दोन दिवसांच्या कार्यशाळांची प्रमाणपत्रे चौकटीत लावली होती. गोपनीयतेचा विषय त्या दोन दिवसांत आला नसावा.

या फटक्यानंतर मी प्रथम शब्दांचे अर्थ लावायला बसले, आणि हे काम आधी केले असते तर दोन महिने वाचले असते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. झाल्यावर मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी-पदविका घेतलेले डॉक्टर. ते निदान करतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतात, औषधे देत नाहीत, परंतु मानसिक चाचण्या आणि मानसोपचार यांचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण त्यांनी घेतलेले असते आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली असून नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. समुपदेशक हा मात्र आजवर असा शब्द राहिला आहे की तो मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेल्या व्यक्तीच्या पाटीवरही असतो आणि वर सांगितलेल्या बाईंच्या पाटीवरही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचाही अंतर्भाव केलेला आहे. परंतु तो कागद आपल्या गल्लीतल्या पाटीपर्यंत पोहोचेपर्यंत विचारपूस आपणच करायची आहे: शिक्षण काय, कोठे, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, आणि आवाक्याबाहेरचे काही दिसले तर पुढे कोणाकडे पाठवता. हे चार प्रश्न विचारताना मला संकोच वाटत होता. साडी घेताना पदर उलटून पाहणाऱ्या आपण बायका येथेच का लाजतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

दुसरी पायरी एका सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागाची. केसपेपर काढून दोन तास बसले, आणि आत जेमतेम दहा मिनिटे मिळाली. तरीही त्या दहा मिनिटांविषयी माझ्या मनात आदर आहे. तरुण डॉक्टरांनी मला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली, जिच्यात मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, एकाग्रता, निराशा यांचा त्रास किती दिवस झाला ते विचारतात आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण देतात. माझी बेरीज २७ पैकी १७ आली. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याविषयीचा असतो. तो त्यांनी कागदावर न सोडता तोंडी, नजर न चुकवता, साध्या शब्दांत पुन्हा विचारला. गोळीचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर बंद करू नका आणि बरे वाटू लागले म्हणून मनानेही बंद करू नका, असे सांगून त्यांनी चिठ्ठीच्या खाली लिहिले, ‘समुपदेशन आवश्यक’. तेथे समुपदेशन मिळत होते, पण ज्या वारी मिळत होते त्या वारी मला शाळेतून सुटका नव्हती. वेळ जुळणाऱ्यांनी हा मार्ग आधी पाहावा, कारण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात याच कामासाठी राबवला जात आहे आणि त्याचा खर्च नाममात्र असतो.

मोबाइलवरून समुपदेशन करणाऱ्या एका सेवेचाही अनुभव घेतला. समोरची मुलगी हुशार होती, अभ्यासू होती आणि वेळेची पक्की होती. तिचे मराठी महानगरातले होते, आणि त्यात काही गैर नाही. परंतु मी ‘आईची घागर’ म्हटल्यावर तिला घागर म्हणजे काय हे सांगावे लागले, आखाजी सांगावी लागली, डांगर सांगावे लागले, आणि पाऊण तासातला अर्धा तास मी वर्गात असल्यासारखी शिकवत राहिले. शिवाय आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. दार लावून मी फोनवर तासभर काय बोलते, या कुतूहलाने सासूबाई तीनदा चहा विचारून गेल्या. दोन सत्रांनंतर मी ते थांबवले. ज्यांना स्वतंत्र खोली आहे आणि ज्यांचे दुःख प्रमाण मराठीत मावते, त्यांनी मात्र या वाटेला नावे ठेवू नयेत.

जळगावच्या केंद्राचा पत्ता मिळाला तो त्या सरकारी डॉक्टरांकडूनच, दुसऱ्या भेटीत. केंद्र रिंग रोडच्या बाजूला, एका वैद्यकीय प्रयोगशाळेच्या वर दुसऱ्या मजल्यावर आहे. ही जागा मला एका विचित्र कारणाने आवडली: जिन्यावर कोणी ओळखीचे भेटलेच तर रक्त तपासायला आले, असे म्हणता येते. शनिवारी सकाळची शाळा आटोपून एकची बस धरायची, धरणगाव आणि पाळधी मागे टाकून गिरणेचा पूल ओलांडायचा आणि तीनच्या आसपास जळगावात उतरायचे, असा क्रम ठरून गेला. यजमान पहिल्या दोन वेळा सोबत आले आणि खाली चहाच्या टपरीवर तासभर बसून राहिले. वर काय बोलणे झाले, हे त्यांनी आजवर विचारलेले नाही.

पहिले सत्र सव्वा तासाचे होते. बाई पन्नाशीच्या असाव्यात. माझे नाव-गाव विचारण्याआधी त्यांनी स्वतःविषयी सांगितले: मानसशास्त्रात एम.ए. आहे, समुपदेशनाचे पुढील प्रशिक्षण अमुक ठिकाणी झाले, मी निदान करत नाही, औषधांविषयी बोलत नाही, आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलायची गरज पडली तर आधी तुमची परवानगी घेईन. नंतर मराठीत छापलेले दोन पानी संमतिपत्र त्यांनी वाचायला दिले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्या पत्रात हा हक्क होता आणि त्याचे अपवादही स्पष्ट लिहिले होते. माझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांना कळवावे लागेल, आणि ते कोणाला, हे नाव मीच भरायचे होते. मी यजमानांचे नाव लिहिले. अपवाद आधी सांगणाऱ्या माणसावर माझा अधिक विश्वास बसतो. ‘येथले काहीच बाहेर जात नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्या पहिल्या बाई मी विसरले नव्हते.

आता भाषेविषयी, कारण या केंद्राला मी जे गुण देते त्यातले निम्मे भाषेचे आहेत. जळगाव जिल्ह्यात बोलीचे मुलूख वेगवेगळे आहेत. यावल, रावेर, भुसावळकडची लेवा गणबोली वेगळी, आणि अमळनेर, पारोळा, चाळीसगाव ते थेट धुळ्यापर्यंतची आमची अहिराणी वेगळी. बाई अहिराणी मुलखातल्या निघाल्या, हा योगायोग. मी व्यवसायाने मराठीची शिक्षिका. वर्गात एखादे पोर ‘माले येत नही’ म्हणाले की ‘मला येत नाही असे म्हण’ असे दुरुस्त करण्यात माझी वीस वर्षे गेलेली. पहिली तीन सत्रे मी बाईंपुढे तशीच, निबंधासारखी बोलले. ‘मातृवियोगाचे दुःख’ हा शब्द मी खरोखर वापरला होता. बाईंनी तिसऱ्या सत्राच्या शेवटी एवढेच विचारले, ‘आईशी तुम्ही याच भाषेत बोलत होता का?’

चौथ्या सत्रात मी ते सांगितले जे यजमानांनाही सांगितलेले नव्हते. आई गेली त्या रात्री दोनच्या सुमारास तिने मला हाक मारली होती. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासून मी नुकतीच आडवी झाले होते. मी उठले, तिचे पांघरूण सारखे केले आणि म्हटले, ‘आते जप वं माय, सकायले देखसूत.’ म्हणजे, आता झोप गं आई, सकाळी बघू. सकाळी ती नव्हती. हे वाक्य मी बाईंपुढे आधी प्रमाण मराठीत सांगून पाहिले, तेव्हा ते एखाद्या बातमीतले वाटले. अहिराणीत उच्चारले आणि पुढे बोलता आले नाही. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला नाही, ‘तुमची काही चूक नव्हती’ असेही त्या म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, ‘मंग माय काय बोलनी?’ मला आठवेना. आई काही बोलली होती की नुसतीच कुशीवर वळली, हे मला आजही आठवत नाही. पुढची दोन सत्रे आम्ही त्या न आठवण्याजवळच बसून होतो. मी एकदा अंदाजाने एक उत्तर रचून पाहिले, आईच्या तोंडी शोभेल असे, तर बाई म्हणाल्या, ‘ते तुम्ही छान लिहिलंत, पण ते माय बोलली नाही.’ मला तेव्हा राग आला. आज वाटते की माझ्या ७०० रुपयांचा सर्वांत चोख मोबदला मला त्या वाक्यात मिळाला.

त्यांची पद्धत कोणती, असे मी विचारले होते. विवेकनिष्ठ मानसोपचार, म्हणजे त्रास देणारे विचार तर्काने तपासून पाहायला शिकवणारी पद्धत, महाराष्ट्रात बराच रुजलेला आहे; अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही पद्धत प्रा. कि. मो. फडके यांनी मराठी माणसांच्या ओळखीची केली, आणि बाईंचे प्रशिक्षण मुख्यतः त्याच अंगाने झालेले होते. ‘मी चांगली मुलगी असते तर त्या रात्री झोपलेच नसते’ या माझ्या वाक्यातला ‘असते तर’ त्यांनी वहीत काढून दाखवला आणि तीन वर्षांच्या किती रात्री मी जागले याचा हिशेब मला करायला लावला. मराठीच्या बाईला संकेतार्थ शिकवणारे कोणी भेटले, याची गंमतही वाटली. पण शोकाला प्रत्येक वेळी तर्क लावता येत नाही, हे त्या जाणून होत्या आणि तेथे त्या वही मिटत असत. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश झाला आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा धरलेली आहे. मी ते कोठेतरी वाचून ‘मला हेच झाले आहे का?’ असे विचारले. त्यांनी ते लेबल मला चिकटवलेही नाही आणि हसून उडवूनही लावले नाही. हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांचा आहे, त्यांना विचारा, असे सांगून त्यांनी तो चिठ्ठीवर लिहून दिला.

सातव्या सत्रात त्यांचे चुकले. आईला पत्र लिहून आणा, असे काम त्यांनी दिले होते आणि मी न लिहिता गेले. त्यावर ‘तुम्ही टाळता आहात’ असे त्या जरा तोडून म्हणाल्या. त्या आठवड्यात शाळेत घटक चाचणी होती आणि सासूबाई तापाने आजारी होत्या; टाळायलासुद्धा मला वेळ मिळालेला नव्हता. पुढचे सत्र मी आदल्या संध्याकाळी रद्द केले, आणि ते ३५० रुपये याच रागाचे. त्यानंतरच्या शनिवारी मी धीर करून हे त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी सबब दिली नाही. ‘माझी घाई झाली’ असे म्हणून त्यांनी ते काम मागे घेतले. पत्र मी पुढे नोव्हेंबरात लिहिले, कोणी न सांगता. अहिराणी लिहिण्याची सवय नसल्याने ‘आहे’ यासाठी ‘शे’ लिहावे की ‘से’ यावर मी दहा मिनिटे घालवली, आणि आईला ते किती हास्यास्पद वाटले असते याचे मला हसू आले.

तक्रारी पुष्कळ आहेत. दोन जिने चढून जावे लागते आणि लिफ्ट नाही. गुडघेदुखीच्या माणसाने आधी फोन करून तळमजल्यावर काही सोय होते का ते विचारावे. बाहेर बसायची खोली सात-आठ खुर्च्यांची आहे आणि स्वागतकक्षातली मुलगी पूर्ण नाव आडनावासकट मोठ्याने पुकारते. आत संमतिपत्रावर गोपनीयता आणि बाहेर हा पुकारा, हे विपरीत आहे. मी दोनदा सांगितले. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदा तिने मान डोलावली, तिसऱ्यांदा पुन्हा आडनावासकट पुकारले. दोन खोल्यांमधली भिंत फळीची आहे. शेजारचे शब्द कळत नाहीत, पण कोणी रडत असेल तर ते कळते. शनिवारच्या वेळा मोजक्या आहेत आणि नव्या माणसाला तीन आठवडे थांबावे लागते. मनाने कोसळलेल्या माणसाला तीन आठवडे म्हणजे फार होतात, आणि त्या काळात काय करायचे, याचा एक छापील कागदसुद्धा केंद्र देत नाही. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देण्याची तरतूद आहे खरी. पण माझ्या पॉलिसीत दाखल न होता केलेला खर्च धरलेलाच नव्हता, त्यामुळे पावत्या फाइलीत राहिल्या.

त्या तीन आठवड्यांत मला उपयोगी पडला तो १४४१६ हा क्रमांक. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास असते, विनामूल्य आहे आणि भाषेच्या पर्यायात मराठी आहे. एका रात्री पावणेतीनला मी ओसरीवर जाऊन फोन लावला. पलीकडच्या आवाजाने नावाचा आग्रह धरला नाही, जिवाला धोका आहे का हे प्रथम विचारून घेतले, मग वीसेक मिनिटे शांतपणे ऐकले आणि सकाळपर्यंत काय करता येईल ते माझ्याकडूनच काढून घेतले. सलग, एकाच माणसाकडून होणाऱ्या समुपदेशनाची जागा ही सेवा घेऊ शकत नाही; पण पहाटे तीन वाजता जळगावचे कोणतेच केंद्र उघडे नसते. जीव नकोसा झाला असेल त्याने तर माझ्याप्रमाणे बरा-वाईट समुपदेशक शोधत बसू नये. त्याने हा क्रमांक लावावा किंवा कोणाला सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

डिसेंबरच्या शेवटच्या सत्रात मी तीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा भरली आणि बेरीज सहा आली. यातले किती श्रेय गोळीचे, किती बाईंचे आणि किती नुसत्या काळाचे, हे वेगळे काढता येत नाही, आणि बाईंनीही ते स्वतःच्या खात्यावर घेतले नाही. गोळी डॉक्टर हळूहळू कमी करत आहेत. झोप पाचपर्यंत लागते. वर्गात पुढची ओळ आता हरवत नाही. आणि परवा एक पोर ‘माले येत नही’ म्हणाले, तेव्हा मी त्याला दुरुस्त करण्याआधी ‘काय येत नही?’ असे विचारले, एवढा फरक माझ्यात पडलेला आहे.

कोणाला जायचे असल्यास सकाळी दहा ते अकरा या वेळातच केंद्राचा फोन उचलला जातो, आणि बोली कोणती हवी ते फोनवरच सांगितलेले बरे, कारण तेथील दुसऱ्या समुपदेशक बाई लेवा गणबोलीच्या मुलखातल्या आहेत. नियमित सत्रे थांबवताना बाईंनी स्वतःहून पंचांग काढले आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारची साडेतीनची वेळ माझ्यासाठी लिहून ठेवली. स्वागतकक्षातल्या मुलीने ती नोंद करून घेतली, आणि सर्व खुर्च्या भरलेल्या असताना, माझे नाव आडनावासकट मोठ्याने वाचून ती बरोबर आहे का ते विचारले.